जुनी टर्बो डिझेल काळा धूर मारतेय? इंजेक्टर उघडण्याआधी हवेची वाट तपासा

घाटात गाडीमागे काळे लोट दिसू लागले की गॅरेजमध्ये बहुधा दोनच निदानं ऐकू येतात : ‘नोझल गेलेत’ (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची टोकं) किंवा ‘टर्बो उडाला’ (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा). दोन्ही कामं खिशाला जड. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी. सिलिंडरमध्ये डिझेलच्या मानाने हवा कमी पडली की ती तयार होते. डिझेल जास्त पडत असेल हे खरं, पण दहा-पंधरा वर्षं चाललेल्या गाडीत हवा कमी पडण्याच्या जागाच जास्त असतात आणि त्या तपासायला खर्चही फारसा येत नाही. म्हणून सुरुवात हवेपासून.

उदाहरण म्हणून १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन डोळ्यासमोर ठेवू. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत हेच इंजिन होतं. बीएस-३, बीएस-४ (भारत स्टेज प्रदूषण-मानकं) काळातल्या इतर कॉमन रेल गाड्यांनाही, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळणाऱ्या गाड्यांनाही, हाच क्रम चालतो. गाडीला मुळात डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर मात्र आधी त्याकडे बघा. तो शाबूत असताना काळा धूर बाहेर पडायला नको. पडतोय म्हणजे डीपीएफ फुटलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय.

धूर कधी येतो ते लिहून काढा

निळसर धूर ऑइलचा, पांढरा धूर कूलंटचा किंवा न पेटलेल्या डिझेलचा. ते आजार वेगळे. रंग काळाच आहे याची खात्री झाली की वेळ बघा. मागून दुसऱ्या गाडीत कुणाला तरी बसवा आणि नीट विचारा.

चढावर किंवा ओव्हरटेक करताना, टर्बो जोर धरतो तेव्हाच धूर आणि सोबत पिकअप कमी, तर हवा कुठेतरी गळतेय. कमी रेसवर गाडी अडखळते, सिग्नलवरून निघताना काळा भपका येतो, तर ईजीआरवर, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर, संशय घ्या. उभ्या गाडीतही धूर आणि इंजिनात टकटक असेल तरच इंजेक्टरकडे वळायचं. हे अगदी काटेकोर नियम नाहीत, पण मेकॅनिकशी बोलताना ही माहिती ‘धूर येतो’ एवढ्यापेक्षा खूप उपयोगी पडते.

एअर फिल्टर

काढा, उजेडासमोर धरा, काळा किंवा चोंदलेला असेल तर बदला. फिल्टरच्या डब्यात उंदराने केलेलं घरटंही सापडू शकतं. फिल्टरशिवाय गाडी पळवून बघण्याचा मोह टाळा. धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते.

इंटरकूलरचे होज : इथे वेळ घालवा

टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटर) आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज उष्णतेने आणि ऑइलच्या वाफेने मऊ पडतात. त्यांच्या खालच्या बाजूला चीर पडते. गाडी उभी असताना ती मिटलेली, दाब आला की उघडते. वरून बघून ‘होज ओके’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

ही गळती धूर का करते? हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर टर्बोच्या आधी बसलेला असतो. त्याने मोजलेली हवा पुढे वाटेत निसटते, पण ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्या मोजमापावर विसंबून तेवढं डिझेल सोडू देतो. सिलिंडरमध्ये डिझेल पूर्ण, हवा अर्धीमुर्धी.

इंजिन थंड असताना प्रत्येक होज हाताने दाबा, पिळा, खालून बोट फिरवा. जोडावर ऑइलचा ताजा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर तिथेच गळती असण्याची शक्यता मोठी. क्लिपा आवळा. गॅरेजमध्ये कमी दाबाची हवा भरून साबणाचं पाणी मारलं की बुडबुड्यांवरून जागा नेमकी सापडते. चिरलेल्या होजला टेप गुंडाळणं म्हणजे घरापर्यंत पोहोचण्याची सोय, दुरुस्ती नव्हे.

सेन्सर आणि ईजीआर

मोबाइलला जोडता येणारा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) इथे कामाला येतो. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा वाचा. तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा : मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. फार फरक असेल तर सेन्सर काजळीने बुजलाय किंवा बिघडलाय. मग चढावर शेजारच्याला आकडा वाचायला सांगा. नुसती उभ्याने रेस देऊन दाब पुरेसा चढत नाही. भार असतानाही आकडा जेमतेम हलला तर होज पुन्हा बघा, मग टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर (टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग) आणि त्याची व्हॅक्यूम नळी.

मास एअर फ्लो सेन्सर त्याच्यासाठीच्या स्प्रेनेच धुवा, आत कापूस किंवा बोट घालू नका.

ईजीआर व्हॉल्व्ह एक्झॉस्टचा धूर परत आत सोडतो. काजळी साचून तो उघडाच अडकला की शुद्ध हवेची जागा धूर घेतो. काढून साफ करा, बसवताना गॅस्केट नवं घाला. पत्रा लावून तो कायमचा बंद करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. मी तो घेणार नाही : काळा धूर घटेल, पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतील, शिवाय ते बेकायदेशीर आहे.

आता इंजेक्टर

घरी हात लावू नका. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनाची नळी सैल केली तर डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. चांगल्या पंप-नोझलवाल्याकडे आधी लीक-ऑफ चाचणी मागा : चारही इंजेक्टरचं परत येणारं डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत घेतात. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरली तर तो इंजेक्टर झिजलाय. मात्र नोझल गळत असेल तर ते बाटलीत दिसत नाही, त्यासाठी इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावावा लागतो. परत बसवताना तांब्याचे वॉशर नवे आणि नव्या इंजेक्टरचा कोड ईसीयूत भरलेला हवा.

कामाआधी आणि नंतर पीयूसी काढून धुराची घनता ताडून बघा. बीएस-४ डिझेलसाठी मर्यादा १.६२ (प्रति मीटर) आहे, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. दुसऱ्या चाचणीआधी हायवेवर वीसेक मिनिटं खालच्या गिअरमध्ये गाडी जरा ताणा, म्हणजे सायलेन्सरमध्ये साठलेली जुनी काजळी आधीच निघून जाईल.