तातडीचं रक्त देताना कागदपत्रांच्या या चुका टाळा

जोरात रक्तस्राव होत असताना बहुतेक कागद थांबू शकतात. ओळख पटवणारे मात्र थांबू शकत नाहीत. घोटाळा होतो तो बहुधा नमुन्याच्या नळीपाशी.

नळ्यांना आधीच लेबलं चिकटवून ठेवणं, किंवा रक्त काढून टेबलापाशी जाऊन नाव लिहिणं, ही सर्वांत घातक सवय. दोन जखमी एकदम आले की नळ्या बदलतात, आणि रक्तपेढी चुकीच्या माणसाचा गट अगदी बरोबर काढून देते. रुग्णाच्या गटाची जुनी नोंद नसेल तर क्रॉसमॅचलाही (रुग्णाचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का, ही तपासणी) ही चूक सापडत नाही. म्हणून लेबल खाटेपाशीच, मनगटपट्टी वाचून, रक्त काढल्याबरोबर लावा. नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ, सही. फॉर्म आणि नळी यांत एका आकड्याचा फरक असला तरी नमुना परत येतो. खरा वेळ तिथे जातो.

गट पक्का करायला दुसरा नमुना मागितला, तर तो वेगळ्या वेळी, ओळख नव्याने तपासून घ्यायचा. एकाच टोचणीत दोन नळ्या भरून वेळ वेगळी लिहिणं म्हणजे तपासणीच रद्द करणं.

अनोळखी रुग्णाला तात्पुरता क्रमांक दिला असेल आणि मध्येच नातेवाइकांनी नाव सांगितलं, तर लगेच नोंद बदलू नका. तयार पिशव्या जुन्या क्रमांकावर असतात.

फोनवर नुसतं ‘अर्जंट’ म्हणू नका, किती मिनिटांत हवं ते सांगा. ओ गटाची पिशवी लगेच मिळते, रुग्णाच्या गटाची साधारण 15 मिनिटांत, पूर्ण क्रॉसमॅचला 45 मिनिटं ते तास. मुली आणि मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रिया यांच्यासाठी ओ निगेटिव्ह राखा. पुरुषांना सहसा ओ पॉझिटिव्ह चालतं. क्रॉसमॅचविना रक्त घ्यायला डॉक्टरची सही लागते, क्रॉसमॅच मागाहून होतो. ओ रक्त चढण्याआधी नमुना काढा, नाहीतर गटाचा निकाल संदिग्ध येतो. पण शीर सापडत नाही म्हणून पिशवी अडवू नका.

धावपळीत पिशवी आणि मनगटपट्टी यांची दोघांनी मिळून करायची पडताळणी गळते. ती अर्ध्या मिनिटाची आहे, सोडू नका. नोंदींसाठी एकच माणूस नेमा. पिशवीचा क्रमांक आणि सुरू केल्याची वेळ त्यानेच लिहावी. फ्रीजबाहेर 30 मिनिटांहून जास्त राहिलेली पिशवी परत पाठवताना तसं सांगा. रिकाम्या पिशव्या फेकू नका.

थंडी वाजली, ताप आला, कंबर दुखली, लघवी लाल झाली, तर रक्त थांबवा, नळीचा सेट बदलून सलाइन चालू ठेवा आणि लेबलं पुन्हा वाचा. रक्तपेढीला लगेच फोन करा: पिशव्यांची अदलाबदल झाली असेल, तर दुसरी चुकीची पिशवी दुसऱ्या रुग्णाकडे निघालेली असू शकते.