किट कपाटात, शिक्षक प्रशिक्षणात: विज्ञान-गणिताच्या भागीदारीत या चुका टाळा

आमच्या खानापूर तालुक्यातल्या प्रयोगशाळेत एक लोखंडी कपाट आहे. एका संस्थेनं दिलेला विज्ञानाचा संच त्यात ठेवला होता. दोन पावसाळ्यांनंतर उघडून बघितलं तर सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशीची जाळी, सेलमधून बाहेर आलेली पांढरी पूड, आणि लिटमसच्या तांबड्या-निळ्या पट्ट्या सगळ्या एकाच मळक्या रंगाच्या. किल्ली माझ्याकडंच होती, त्यामुळं सगळं खापर संस्थेवर फोडत नाही. पण संच देऊन, फोटो काढून गेलेली गाडी परत फिरकली नाही, हेही तितकंच खरं.

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या आमच्या मराठी शाळांकडं अशा गाड्या अधूनमधून येतात. कधी बेंगळुरूहून, कधी पुण्या-मुंबईहून, कधी बेळगावातल्याच एखाद्या कॉलेजातून. सगळ्यांचा हेतू चांगला असतो. तरी विज्ञान-गणिताच्या शिक्षकांसाठी संस्था आणि शाळा मिळून जे काम करतात, ते बहुतेक वेळा कुठं अडतं, ते लिहितो.

काय पाहिजे, असं विचारू नका

हा प्रश्न विचारला की आम्ही शिक्षक हमखास वस्तू सांगतो. प्रोजेक्टर द्या, किट द्या, तक्ते द्या. त्याऐवजी पहिल्या बैठकीला प्रत्येकाला मुलांच्या दहा वह्या घेऊन यायला सांगा. चुकलेल्या उत्तरांच्या वह्या, सुवाच्य अक्षरवाल्या नव्हे.

आमच्या क्लस्टरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीत असं एकदा केलं. वह्या उघडल्या तर सातवीच्या पोरांनी 1/3 + 1/4 = 2/7 असं लिहिलेलं. एका शाळेत नाही, आलेल्या सगळ्याच शाळांत. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, झालं. बहुतेकांनी सांगितलं, "लसावि परत घेतो." एक बाई मात्र म्हणाल्या, "लसावि त्यांना येतोय की. उत्तर बघून शंका येत नाही, ही खरी अडचण आहे." मग त्यांनी फळ्यावर भाकरी काढली. एक तृतीयांश भाकरी ताटात आहे, तीत आणखी चतकोर घातली, आणि उत्तर आलं 2/7. दशांशात 0.333 वरून आपण 0.286 वर आलो. भाकरी वाढली आणि ताटातलं कमी झालं! त्या दिवशी एक रुपयाचं साहित्य लागलं नाही, आणि भागीदार संस्थेच्या माणसाला आपण नेमकं कशासाठी यायचं ते कळलं.

किट घ्यायचंच असेल तर आधी शाळेत काय पडून आहे ते बघा. कर्नाटकातल्या 'गणित कलिका आंदोलन' या गणित शिकण्याच्या मोहिमेतून चौथी-पाचवीसाठी आलेला गणिताचा संच प्राथमिक शाळेत असण्याची शक्यता मोठी. तो उघडायला शिकवणारा माणूस नव्या संचापेक्षा जास्त उपयोगी. आणि आमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात लिटमस टिकत नाही. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आणि हळदीचा कागद ऐन वेळी करून घ्या. जास्वंद आम्लात गडद गुलाबी होते, आम्लारीत हिरवी. हळद आम्लारीत लाल होते, आम्लात मात्र पिवळीच राहते. हे आधी सांगितलं नाही तर पोरं प्रयोग फसला म्हणून मोकळी होतात. सेल वापरून झाले की काढून ठेवा, भिंगांच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका.

भाषांतरकार आणला म्हणजे भाषेचं भागलं, हा गैरसमज

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो, आणि बाहेरच्याला तो दिसतही नाही. जिल्हा पातळीवरचं प्रशिक्षण कन्नडमधून चालतं. आम्हाला कन्नड कळतं, बोलताही येतं. अडचण बोलण्याची नाहीच, संज्ञांची आहे. प्रशिक्षण देणारी साधनव्यक्ती फळ्यावर पदार्थाच्या अवस्था लिहिते: घन, द्रव, अनिल. आमच्या पुस्तकात स्थायू, द्रव, वायू. अनिल हे तर आमच्याकडं पोराचं नाव. कन्नडमध्ये चालीला 'जव' म्हणतात. जव म्हणजे आमच्याकडं सातू. गुणोत्तराला ते 'अनुपात' म्हणतात, घनतेला 'सांद्रते', आणि अपूर्णांकाला 'भिन्नराशी'. लसाविला तिकडं लसाअ. एखादी संज्ञा अडली की शिक्षक तिचा अर्थ लावत बसतो, तोवर पुढची तीन वाक्यं निसटतात. संध्याकाळी अभिप्रायाच्या कागदावर सगळे 'उत्तम' लिहून घरी जातात.

यावर उपाय म्हणून पुण्या-मुंबईचा भागीदार आणला की दुसरी गल्लत होते. तो महाराष्ट्राच्या बालभारतीच्या धड्यांवर बेतलेलं साहित्य आणतो. मराठी झकास, पण धडा आमचा नाही. कर्नाटकातली हायस्कूलची विज्ञान-गणिताची पुस्तकं एनसीईआरटीच्या धर्तीवरची आहेत, धड्यांचा क्रम वेगळा, परीक्षा एसएसएलसीची, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीची. शिक्षक विचारतो, "हे आमच्या कुठल्या धड्यात येतं?" आणि पाहुणे एकमेकांकडं बघतात.

चार रकान्यांचा एक तक्ता करा: आमच्या मराठी पुस्तकातला शब्द, कन्नड शब्द, इंग्रजी शब्द, आणि पोरं घरी जे म्हणतात ते. शेवटचा रकाना गाळू नका. इंग्रजीचा रकाना पुढच्या वर्षासाठी लागतो, कारण दहावीनंतर पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान घेणारं पोर थेट इंग्रजीत पडतं. हा तक्ता संस्थेनं छापून आणायचा नसतो. शिक्षकांनी बसून करायचा, संस्थेनं चहा आणि झेरॉक्सचा खर्च बघायचा.

कॅलेंडर, कागद आणि कोण येणार

"दिवाळीच्या सुट्टीत शिबिर घेऊ," हे महाराष्ट्रातल्या भागीदाराचं ठरलेलं वाक्य. आमची मोठी सुट्टी दसऱ्याला असते. शाळाही त्यांच्या आधी उघडतात. जानेवारीनंतर दहावीच्या शिक्षकाला हात लावू नका.

परवानगी तोंडी घेऊ नका. मुख्याध्यापक हो म्हणाले तरी बीईओंचा (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांचा) कागद नसेल तर शिक्षकाला रजा टाकून यावं लागतं. बेळगाव महसुली जिल्हा एकच असला तरी शैक्षणिक जिल्हे दोन आहेत, बेळगाव आणि चिकोडी. खानापूर आणि निपाणी एकाच शिबिरात हवं असेल तर दोन्हीकडच्या उपनिर्देशकांकडं जावं लागतं.

पत्रात नुसतं 'विज्ञान शिक्षक' लिहू नका. हायस्कूलला पीसीएमचा (पदवीला भौतिक-रसायन-गणित घेतलेला) शिक्षक गणित आणि भौतिकशास्त्र बघतो, सीबीझेडचा (रसायन-वनस्पती-प्राणिशास्त्र घेतलेला) रसायन आणि जीवशास्त्र. नुसत्या 'विज्ञान शिक्षक' पत्रावर भूमितीच्या शिबिराला सीबीझेडच्या बाई दोन दिवस बसून आलेल्या मी बघितल्यात. प्राथमिकला सहावी ते आठवीचे जीपीटी, म्हणजे पदवीधर प्राथमिक शिक्षक वेगळे, त्यांचा त्रास वेगळा. आणि दर वेळी तोच एक उत्साही माणूस येत असेल तर शाळेची तक्रार करण्याआधी बघा, त्या शाळेत दुसरा विज्ञान शिक्षक आहे का.

शिबिर झालं, पुढं काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 2020 मध्ये शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांचं प्रशिक्षण सुचवलं. तास मोजता येतात म्हणून सगळे तासच मोजतात. मी एकदा एका भागीदाराला विचारलं, "शिबिरानंतर वर्गात कधी येणार?" तो म्हणाला, "सर, आधी फोटो पाठवा, अहवाल अडलाय."

मध्य प्रदेशात 1972 साली सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम 2002 पर्यंत चालला. त्यात शिबिरांइतकंच महत्त्व शिक्षकांच्या मासिक बैठकीला आणि शाळेत जाऊन वर्ग बघण्याला होतं. करारात म्हणून शिबिराचे दिवस कमी लिहा, भेटी जास्त लिहा. वर्गात येणाऱ्यानं मागच्या बाकावर बसावं, मध्ये बोलू नये, आणि तास संपल्यावर एकच गोष्ट विचारावी: कुठल्या पोराला कळलं नाही असं वाटलं? हातात तपासणीचा तक्ता असला की शिक्षक त्या तक्त्यासाठी शिकवतो, पोरांसाठी नाही.

मोठ्या संस्थांकडून मोठंच काम घ्या. बेंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेच्या चळ्ळकेरे परिसरात विज्ञान शिक्षकांसाठी निवासी प्रशिक्षण असतं; तिथल्या प्रयोगशाळेत हात घालायला मिळतो, ते गावात होणार नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडं मुलांच्या चुकांचा अभ्यास करणारी माणसं आहेत. मात्र दर महिन्याला यायला त्यांना जमणार नाही. त्यासाठी जवळचं कुणी लागतं.

जवळचा भागीदार दिसत नाही

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आहेत. शाळा तिथं जातात, पण सहल म्हणून. साठ पोरं, टोप्या, आवाज, भट्टीपासून लांब उभं राहून बघणं, वडापाव, परत. पहिल्या फेरीला पोरांना नेऊच नका. चार-पाच शिक्षक जा, आणि मालकापेक्षा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, करणाऱ्या माणसाजवळ बसा.

आम्ही तसे गेलो. शुद्ध लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळतं, हे आम्ही पुस्तकातून सांगत होतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मात्र कार्बनमुळं साधारण 1150 ते 1200 अंशांतच पातळ होतं, हे तिथं समजलं. खरी गंमत पुढं होती. पॅटर्नवाल्या मामांच्या हातात स्टीलची पट्टी होती. आमच्या गणिताच्या बाईंनी पर्समधली पट्टी काढून शून्याला शून्य लावून शेजारी धरली. मामांच्या पट्टीवरची 30 सेंटिमीटरची रेघ तीन मिलिमीटर पुढं गेली.

"मामा, ही पट्टी चुकीची आहे."

"चुकीची न्हवं टीचर. माल गार झाला की बरोबर येती बघा."

बीड गार होताना लांबीत साधारण 1 टक्का आकसतं, म्हणून पट्टीच तेवढी मोठी केलेली. परत येताना टेम्पोत बाईंनी हिशोब मांडला. 400 मिलिमीटरच्या मालाला पॅटर्न 404 चा. 404 चा 1 टक्का 4.04, म्हणजे शेवटी उरणार 399.96. 1 टक्का वाढवून 1 टक्का कमी केला तर आपण निघालो तिथं परत येत नाही. सीबीझेडचे सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, लांबी 1 टक्का कमी झाली, तर लोखंडाचं आकारमान किती टक्क्यांनी कमी झालं असेल? टेम्पो देसूरपर्यंत आला तरी वाद चालू होता.