आराखड्याला निधी मंजूर करण्यापूर्वी

सामुदायिक केंद्राच्या आराखड्यासाठी पैसे द्यायचे की नाही, एवढेच या टप्प्यावर ठरवायचे असते. केंद्र बांधायचे की नाही, हा निर्णय वेगळा आहे आणि तो वेगळाच राहील, असे ठरावात स्पष्ट लिहून घ्यावे. कारण एकदा इमारतीचे रंगीत चित्र सभेत दाखवले गेले की आराखड्याला दिलेली संमती हीच बांधकामाची संमती समजली जाते.

जागेची मालकी, रस्ता, पाणी, सांडपाणी हे सर्वजण तपासतातच.

राहून जातो तो केंद्र चालवण्याचा वार्षिक खर्च. बांधकामासाठी अनुदान मिळते, देणगीदार पुढे येतात. परंतु वीजबिल, साफसफाई, रखवालदार, व्यवस्थापकाचा पगार, विमा, लिफ्टचा देखभाल करार आणि गच्चीची गळती यांसाठी दरवर्षी पैसे कोठून येणार, हे कोणीच विचारत नाही. म्हणून निदान दहा वर्षांच्या जमाखर्चाचा अंदाज सल्लागाराच्या कामातच घालावा, आणि तो रेखाटनांच्या आधी मागावा. नंतर मागितल्यास आकडे इमारतीला सोयीचे होतील असे बसवले जातात.

गरज पाहताना लोकांना ‘केंद्र हवे का’ असे विचारू नये. त्याला नकार कोण देणार? कोणत्या वारी, किती वाजता, किती माणसे येतील आणि भाडे किती परवडेल, असे प्रत्येक गटाला विचारावे. बहुतेकांना संध्याकाळच हवी असते. दिवसभर रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांचाही खर्च चालूच असतो, म्हणजे पुन्हा तोच वार्षिक खर्च. शाळेचे सभागृह किंवा वाचनालय संध्याकाळी मोकळे असेल तर आधी त्याचा विचार व्हावा.

निधी एकरकमी देऊ नये. पहिला हप्ता केवळ व्यवहार्यता अहवालासाठी, म्हणजे केंद्र बांधणे आणि चालवणे जमेल का हे तपासण्यासाठी, असावा आणि ‘बांधू नये’ हा निष्कर्षही तितकाच ग्राह्य धरावा. ज्या वास्तुविशारदाचे शुल्क बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर ठरणार आहे, त्याच्याकडेच हा अहवाल सोपवणे चुकीचे आहे.

चढउतार सुरुवातीलाच मोजावा. जोते (इमारतीचा जमिनीवर उचललेला तळ) ६० सेंटिमीटर उंच असेल, तर १:१२ प्रमाणाच्या, म्हणजे एक भाग उंचीला बारा भाग लांबीच्या, उतारमार्गाला ७.२ मीटर लांबी लागते, सपाट टप्पे धरून त्याहून अधिक. ही जागा आधी राखली नाही तर चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या माणसाला मागच्या दाराने आत यावे लागते, आणि ते कदापि चालणार नाही.

माती परीक्षण, वाहनतळ, अग्निसुरक्षा, शेजाऱ्यांना होणारा आवाज यांचा सल्लागाराच्या कामाच्या व्याप्तीत उल्लेख पुरे. रेखाटनांच्या मूळ फायलींवर संस्थेचा हक्क राहील, असे करारात घालावे. वार्षिक खर्चाचा अंदाज कोण, कधी देणार हे ठरावाच्या मसुद्यात नसेल, तर त्या दिवशी मतदान घेऊ नये.