'टर्न ऑफ इट' की 'टर्न इट ऑफ'? माझा घोळ असा सुटला

ऑफिसच्या मेलमध्ये मी 'वी विल पुट ऑफ इट' लिहायचो आणि दरवेळी कोणीतरी दुरुस्त करायचं. फ्रेजल व्हर्ब्जची (क्रियापद आणि त्याला जोडलेला 'ऑफ', 'आफ्टर'सारखा छोटा शब्द) लिस्ट पाठ केली, अॅप झालं, अर्थ कळायचे पण 'इट' कुठे टाकायचं ते काही कळेना. जाम वैताग आला होता.

शेवटी जमलं ते असं. आधी 'इट' विसरा, नाम टाकून वाक्य लिहा, 'टर्न ऑफ द लाइट'. मग तो छोटा शब्द, म्हणजे 'ऑफ', नामाच्या नंतर सरकवा, 'टर्न द लाइट ऑफ'. चाललं ना? मग 'इट, देम, हिम' मधेच येणार, 'टर्न इट ऑफ'. आता 'लुक आफ्टर द किड्स' घ्या, 'लुक द किड्स आफ्टर' होतच नाही, म्हणून 'लुक आफ्टर देम'. कानाला भरवसा नसेल (मला नव्हताच) तर लर्नर्स डिक्शनरीत (इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात) 'समथिंग' कुठे छापलंय ते बघा, 'पुट समथिंग ऑफ' असं मधे असेल तर 'इट' पण मधेच. तीन शब्दवाल्यांत 'इट' बहुतेक वेळा शेवटी, 'पुट अप विथ इट'.

मराठी अर्थावरून ठरवायला जाऊ नका, 'लुक आफ्टर' म्हणजे 'सांभाळणे', त्यात 'आफ्टर' कुठून दिसणार!