स्वतःच्या माहितीची प्रत कोणी मागितली, तर
एखाद्या व्यक्तीने ‘तुमच्या संस्थेकडे माझी कोणती माहिती आहे, ती मला द्या’ अशी मागणी केली, तर ती मिळाल्याची तारीख त्याच दिवशी नोंदवून ठेवावी. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमावलीनुसार अशा मागणीला साधारणपणे १ महिन्याच्या आत उत्तर द्यावे लागते. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर आणखी २ महिने घेता येतात, पण विलंबाचे कारण त्या व्यक्तीला पहिल्या महिन्यातच कळवावे लागते. पहिली प्रत सहसा विनामूल्य द्यायची असते.

खरी अडचण माहिती शोधण्यात येते. ती मुख्य नोंदवहीत असतेच, शिवाय जुन्या ईमेलमध्ये, कर्मचाऱ्यांनी सोयीसाठी केलेल्या तक्त्यांत आणि बाहेरच्या सेवा पुरवठादाराकडेही असते, आणि माहिती दुसऱ्याकडे ठेवली म्हणून मूळ संस्थेची जबाबदारी संपत नाही. म्हणून कोणती माहिती कोठे, कशासाठी आणि किती काळ ठेवली आहे याची यादी आधीच तयार असावी. माझ्या मते या एका यादीने निम्मे काम होते.

प्रत देण्यापूर्वी मागणारी व्यक्ती खरोखर तीच आहे याची खात्री करावी, मात्र त्यासाठी अनावश्यक ओळखपत्रे गोळा करू नयेत. कागदपत्रांत इतरांची माहिती असल्यास ती झाकावी. मागणी आल्यावर गैरसोयीच्या नोंदी पुसून टाकणे मात्र कटाक्षाने टाळावे.