काढणी झाली की खरी निवड सुरू होते: बटाट्याच्या वाण-संशोधनात येणाऱ्यांसाठी

पैदास विभागातला माझा पहिला उन्हाळा कुफरीला गेला. शिमल्याच्या वर, अडीच हजार मीटरच्या आसपास, मे महिन्यातही पहाटे बोटं आखडायची. सोबतचा एक हिमाचली मुलगा वाणांची यादी वाचत होता. चंद्रमुखी, ज्योती, सिंदुरी ही नावं त्याला कळली, पण ‘कुफरी लवकर’वर तो अडला. लवकर म्हणजे काय, हे त्याने मला विचारलं तेव्हा मला एकदम घरी गेल्यासारखं वाटलं. १९७२ साली आलेला हा वाण आपल्या पठारी भागासाठी होता, ६५ ते ८० दिवसांत हाताशी येणारा, म्हणून त्याचं नाव थेट मराठीतलं. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात जुनी माणसं अजूनही त्याची आठवण काढतात.

कृषी पदवी घेतलेली मुलं हल्ली विचारतात, की बटाट्याच्या वाणांवर काम करायचंय, काय शिकावं लागेल? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला स्वतःला जी गोष्ट समजायला चार वर्षं लागली, ती त्यांना पहिल्याच हंगामात कळावी असं फार वाटतं.

आधी कुफरीच का, ते सांगते. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ मध्ये शिमल्याला गेली. उत्तरेच्या मैदानी भागात बटाटा हिवाळ्यात घेतात. दिवस लहान असतो, त्यामुळे झाडाला फूल क्वचितच येतं, आलं तरी गळून जातं. डोंगरात तेच पीक उन्हाळ्याच्या लांब दिवसांत वाढतं आणि फुलांनी भरून जातं. फूल नाही तर संकर नाही. म्हणून संकर कुफरीच्या केंद्रावर केले जातात, आणि संस्थेच्या वाणांच्या नावाआधी ‘कुफरी’ लागतं.

संकराचं काम हाताने करून पाहिल्याशिवाय समजत नाही. उद्या उमलेल अशी कळी आज शोधायची. चिमट्याने पाकळ्या हलकेच बाजूला करून पाचही पिवळे परागकोश काढून टाकायचे, मधल्या हिरव्या कुक्षीला धक्का न लावता. दुसऱ्या झाडाच्या उमललेल्या फुलांतून झटकून घेतलेले पराग त्या कुक्षीला लावायचे आणि देठाला चिठ्ठी बांधायची: आधी मादीचं नाव, मग नराचं, मग तारीख. फळ धरलं की त्यावर मलमलीची पिशवी चढवायची, म्हणजे गळून पडलं तरी कुठल्या संकराचं ते हरवत नाही. सहा-आठ आठवड्यांनी हातात येतं ते छोट्या कच्च्या टोमॅटोसारखं हिरवं फळ. ते विषारी असतं, चव बघायची नाही. आत बारीक, चपट्या बियांची दाटी असते.

त्या फळातल्या प्रत्येक बीचं झाड वेगळं निघतं. बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच, एकूण ४८. दोन चांगल्या वाणांचा संकर केला तरी पोरं कुणावर जातील याचा भरवसा नाही. एकाच फळातून पांढरा, लाल, लांबट, खोल डोळ्यांचा, शेपटीसारखा वाकडा, असे सगळे बटाटे निघतात. पण एकदा झाड निवडलं की पुढे त्याचे कंदच लावायचे, त्यामुळे जे निवडलं ते जसंच्या तसं राहतं. याला एक दुसरी बाजूही आहे. निवडलेल्या झाडात विषाणू शिरला तर तोही पिढ्यान्‌पिढ्या सोबत येतो. म्हणून विषाणू पसरवणारी मावा ही कीड वाढण्याआधी बेण्याच्या, म्हणजे पुढे लावायच्या कंदांच्या, प्लॉटचा पाला कापतात. नव्या मुलांना हे कंटाळवाणं काम वाटतं, पण त्यात कसूर झाली की पुढची सगळी वर्षं वाया जातात.

पहिल्या वर्षी कुंडीतल्या रोपांना गोट्यांएवढे कंद येतात. दुसऱ्या वर्षी प्रत्येक रोपाचा एक कंद शेतात जातो आणि काढणीला फावड्याच्या एका घावात एक झाड बाहेर येतं. तिथे उभ्याउभ्या ठरवायचं: ठेवायचं की टाकायचं. हजारो झाडांतून मूठभरच पुढे जातात. डोळे खोल असले तर साल काढताना अर्धा बटाटा जातो, टाका. कंद झाडापासून हातभर लांब पसरले तर काढणीत राहून जातात, टाका. तडे गेलेत, आकार बेढब आहे, टाका. सुरुवातीला माझा हात थरथरायचा. एवढ्या मेहनतीने वाढवलेलं झाड एका नजरेत कसं सोडायचं? पण हळूहळू डोळा तयार होतो. मग पुढची वर्षं ओळी, लहान प्लॉट, पुनरावृत्तीचे प्लॉट, आणि शेवटी अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातून देशभरच्या केंद्रांवर चाचण्या. संकरापासून वाण शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत आठ-दहा वर्षं कुठेच गेली नाहीत, कधी जास्तही.

आता माझी चूक सांगते.

मैदानातल्या केंद्रावर चौथ्या वर्षाच्या प्लॉटमध्ये एक क्लोन होता, म्हणजे एकाच निवडलेल्या झाडाच्या कंदांपासून वाढवलेला नमुना. गोल, पांढरा, डोळे उथळ, एकेका झाडाखाली बटाट्यांचा ढीग. तुलनेसाठी लावलेल्या तुल्य वाणापेक्षा उतारा (उत्पादन) चांगलाच सरस. शिवाय भोवतालच्या ओळी करपा रोगाने काळ्या पडल्या तरी हा हिरवागार. मी त्याच्या प्रेमातच पडले. नोंदवहीत त्याच्यासमोर तीन चांदण्या काढल्या आणि पुढच्या हंगामासाठी त्याचं बेणं इतरांपेक्षा जास्त राखलं. बाकीचे माल शीतगृहात गेले तसा तोही गेला, २ ते ४ अंश सेल्सिअसला. जूनमध्ये पोती बाहेर काढली. आमच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, सगळ्यांचे वेफर्स तळ. माझा लाडका क्लोन तेलात पडला आणि मिनिटभरात कडेने तपकिरी, मग मधोमध काळपट झाला. खाऊन पाहिला तर कडू. सर काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “उरलेले अडतीस क्लोनही तळ, आणि प्रत्येकाचा रंग लिही.”

असं का झालं? थंडीत बटाट्यातला स्टार्च मोडून साखर होते. तळताना ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरा बटाट्यातल्या अमिनो आम्लांशी मिळून काळपट, कडवट होतात. हीच प्रक्रिया ॲक्रिलामाइडही तयार करते. २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी तळलेल्या बटाट्यात ते दाखवून दिल्यापासून सगळा उद्योग त्याकडे डोळे लावून असतो. घरी भाजीला गोडसर लागणारा, शीतगृहातून आणलेला बटाटा आपण सगळ्यांनी खाल्लेला आहे. हे त्याचंच कारण. म्हणून प्रक्रियेचा, म्हणजे वेफर्स-फ्राइजसाठीचा, माल १० ते १२ अंशांना ठेवतात आणि तिथे कोंब येऊ नयेत म्हणून औषधाची धुरी देतात. खरा उपाय मात्र वाणातच हवा: थंडीत राहूनही गोड न होणारा. १९९८ साली कुफरी चिपसोना १ आणि २ आले, तोपर्यंत आपल्याकडे खास प्रक्रियेसाठी तयार केलेला देशी वाणच नव्हता. पुढे चिपसोना ३, आणि फ्रेंच फ्राइजसाठी २००९ मध्ये फ्रायसोना.

त्या दिवसापासून माझी नोंदवही बदलली. उताऱ्याच्या रकान्याइतकीच जागा मी साठवणीनंतरच्या रकान्यांना देते. वेफर्ससाठी शुष्क भाग, म्हणजे पाणी सोडून उरणारा भाग, २० टक्क्यांच्या वर हवा, नाहीतर तेल जास्त पितो आणि कुरकुरीत होत नाही. क्षपणकारी साखर, म्हणजे तेच ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, १०० ग्रॅम ताज्या बटाट्यात १०० मिलिग्रॅमच्या आत हवी. तळलेल्या चकतीला १ ते १० गुण देतात. १ म्हणजे फिकट पिवळी, आणि ३ च्या पुढे गेली की नापास. शुष्क भागाचा अंदाज घ्यायला मोठी यंत्रं लागत नाहीत. धुतलेले ५ किलो बटाटे जाळीच्या टोपलीत हवेत तोला, मग तेच पाण्यात बुडवून तोला. पाण्यात ३८० ग्रॅम भरले तर ५००० भागिले ४६२०, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०८२. १.०८ च्या वर असला की तो पुढे न्यायच्या लायकीचा. हा तराजू मी आजही स्वतः लावते. टोपली बुडवताना बटाट्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकले नाहीत तर आकडा खोटा येतो, हे कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही.

चाचण्या घेताना नव्या मुलांच्या हातून आणखी एक चूक हमखास होते. बेणं सारखं नसतं. नव्या क्लोनचं बेणं केंद्रावरचं, ताजं, निरोगी. आणि तुल्य वाण म्हणून बाजारातून आणलेलं, दोन-तीन हंगाम वापरून थकलेलं बेणं. मग नवा क्लोन जिंकतो आणि आपण खूश होतो. ही तुलनाच नव्हे. सगळी बेणी एकाच ठिकाणी, एकाच हंगामात वाढलेली, एकाच तापमानात ठेवलेली हवीत. कंदाचं वजनही सारखं, साधारण ४० ते ५० ग्रॅम. कोंब फुटण्याची अवस्थासुद्धा जुळली पाहिजे, कारण म्हातारं बेणं आधी उगवतं, आधी पोसतं आणि आधीच संपतं. लागवडीच्या दिवशी मी स्वतः प्रत्येक पिशवी उघडून कोंब बघते.

पठारावर आल्यावर मला हे सगळं पुन्हा शिकावं लागलं. आमच्या सातगाव पठारावर बटाटा पावसाळ्यात होतो, जूनअखेर-जुलैत लागवड आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी. मैदानातला बटाटा थंडीत, उघड्या उन्हात पोसतो. इथला धुक्यात आणि रिमझिमीत. उत्तरेत २१ टक्के शुष्क भाग देणारा क्लोन इथे भिजल्या मातीत पाणचट निघतो. करपा तर धुक्यावर स्वार होऊनच येतो. म्हणून एका केंद्रावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. तुमचा क्लोन जिथे लावला जाणार आहे, तिथल्या मातीत त्याला किमान तीन हंगाम बघा.

आणि बटाटा म्हणजे फक्त वेफर्स नव्हेत. आमच्या भागात कंपन्यांशी करार करून प्रक्रियेचे वाण लावणारे शेतकरी बरेच आहेत, पण बाकी माल भाजीला, वड्याला, समोशाला जातो. कुफरी पुखराज भरघोस आणि लवकर येतो, म्हणून शेतकऱ्याला आवडतो. पण त्यात पाणी जास्त, वडेवाले त्याच्या नावाने नाक मुरडतात. मी प्रत्येक क्लोन उकडून आईला कुस्करायला देते. तिची चाचणी साधी आहे: सारण हाताला चिकटतं की मोकळं राहतं, आणि तासाभराने निळसर पडतं का. उकडल्यानंतर रंग बदलणारे दोन क्लोन तिच्यामुळे वेळेत निघाले.

शिक्षणाचं थोडक्यात. कृषी पदवी, मग अनुवंशशास्त्र व पैदास किंवा भाजीपाला विषयात पदव्युत्तर. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांपैकी कुठेही किंवा देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून बाहेरच्या राज्यात. शक्य असेल तर बाहेर जाच, एक तरी हिवाळा मैदानात आणि एक उन्हाळा डोंगरात काढा. पीएचडीच्या आधी संशोधन सहायक म्हणून एक-दोन हंगाम काम करा. पगार बेताचा असतो, पण हे काम आपल्याला झेपतं का ते तिथेच कळतं. सरकारी संशोधन सेवेशिवाय बियाणं कंपन्या, वेफर्स आणि फ्राइज बनवणाऱ्यांचे शेती विभाग, शीतगृहं, ऊती संवर्धनाच्या प्रयोगशाळा इथेही नोकऱ्या आहेत. संख्याशास्त्र टाळू नका. सुरुवातीला प्रत्येक क्लोनचे चारच कंद असतात, तेव्हा पुनरावृत्तीशिवाय तुलना कशी करायची, याची पद्धत नीट शिकून घ्या. आणि ट्रॅक्टर येण्याआधी शेतात पोहोचायची सवय लावा. ट्रॅक्टरने ओळखीच्या लोखंडी पाट्या उखडून टाकलेल्या प्लॉटमध्ये मी एक दिवस अक्षरशः रडले आहे. तेव्हापासून प्रत्येक प्लॉटचा नकाशा दोन वह्यांत असतो आणि एक चिठ्ठी पिशवीच्या आत, एक बाहेर.

यंदा रब्बीचे सहा क्लोन मी शीतगृहात ठेवलेच नाहीत. फेब्रुवारीत काढणी झाल्यावर नानांनी बांधावरच्या आंब्याखाली आरण, म्हणजे बटाट्यांचा झाकलेला ढीग, लावली, आमच्याकडे भाव येईपर्यंत बटाटा असाच ठेवतात. वर उसाचं पाचट टाकलं. बटाट्याचा पाला टाकायचा नाही, त्यातूनच पाकोळीच्या, म्हणजे बटाटा पोखरणाऱ्या पतंगाच्या, अळ्या कंदात उतरतात. दर पंधरा दिवसांनी मी एक कोपरा उघडते, प्रत्येक क्लोनचे तेच दहा बटाटे तोलते, कोंब मोजते, डोळ्यांजवळ अळीची काळी विष्ठा दिसते का ते भिंगातून बघते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चार क्लोन सुरकुतले, एकाला पाकोळी लागली. सहावा अजून टणक आहे. त्याचा उतारा सहांमध्ये चौथा होता आणि वहीत त्याच्यासमोर एकही चांदणी नाही. येत्या पावसाळ्यात पठारावर सगळ्यात जास्त ओळी त्याच्या असतील.