फ्रेंच गावांचे ‘युरो’ जमवताय? या चुका टाळा

‘१९९७ चा युरो आहे, बँकेत बदलून मिळेल ना?’ नाही मिळणार. हे सांगून सांगून तोंड दुखलं. युरोची नाणी व्यवहारात आली १ जानेवारी २००२ ला, आणि फ्रान्सच्या चलनी युरोवर १९९९ च्या आधीचं साल नसतंच. १९९६ ते १९९८ मध्ये तिथल्या कित्येक नगरपालिकांनी आणि व्यापारी संघांनी नव्या चलनाची ओळख व्हावी म्हणून आपापले ‘युरो’ पाडून घेतले. ते गावातल्या दुकानांत ठरलेले थोडे दिवस चालायचे. मुदत टळली की छापलेल्या आकड्याला अर्थ उरत नसे.

ओळखीतल्या एका पोराला हे पटेना. त्याने ऑनलाइन लिलावात ‘चांदीचा’ २० युरोचा नग उचलला. वर हिशेब असा, की वीस युरो तर कुठेही मिळतील, तोटा कसला! नग हातात आल्यावर मी आधी कड पाहिली. पॅरिसच्या टांकसाळीच्या पदकांवर १८८० पासून कडेला शिंगाची (फळाफुलांनी भरलेल्या समृद्धीच्या शिंगाची) खूण आणि धातूचं नाव ठोकलेलं असतं. इथे कड कोरी. गावांच्या नगांवर ती खूण असेलच असं नाही, म्हणून ग्लासभर पाणी सोनाराच्या काट्यावर ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं सोडलं, तळाला न टेकवता. नाण्याचं वजन भरलं होतं १५ ग्रॅम, काट्यावर आलं १.६९, म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. १५ ला त्याने भागलं की घनता ८.९ च्या आसपास, म्हणजे चांदी नाहीच, बहुधा तांबं-निकेल. ९२५ ची (९२.५ टक्के शुद्ध) चांदी असती तर काटा १.४५ च्या जवळ थांबला असता. पाच मिनिटांचं काम, पण फोटोवरून धातू ओळखणाऱ्यांना तेवढाही दम नसतो.

चिंच-मीठ लावून कांस्याचं नाणं लखलखीत करू नका. ते देवघरातलं निरांजन नव्हे. मूळ झळाळी एकदा गेली की परत येत नाही, आणि जाणकार ग्राहक पहिल्याच नजरेत हात आखडता घेतो. मी धूळ असली तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपतो, पुसत नाही.

पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकट थर धरतो. मायलरची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मची) घ्या.

यंत्रातून मिळणारी ३४ मिमीची पर्यटन पदकं ‘गावाचं दुर्मिळ नाणं’ म्हणून विकली जातात. त्यांवर दर्शनी किंमत नसते, तेवढं बघा.

आणि विक्रेत्याने मागितलेला भाव हा भाव नव्हे. विकल्या गेलेल्यांची यादी उघडा.